मिटल्या डोळ्यांचा फोटो

तर मला सांगा, माणूस काम करतोय हे फोटोत दिसायला डोळे उघडेच लागतात का... आता तुम्हीही मान हलवू नका, सगळं गाव मला हेच ऐकवून गेलंय. आमचे हे, म्हणजे आर्किटेक्ट राजशेखर पट्टणशेट्टी, नाव ऐकलंच असेल, पुण्या-बंगळूरची माणसं यांच्याकडून घराचा नकाशा काढून घ्यायला कोल्हापुरात यायची, आणि यांची कामाची पद्धत काय, तर रिकाम्या प्लॉटवर सतरंजी टाकून आडवं व्हायचं. दुपारभर. वारा कुठून येतो, सावली पायावर कधी चढते, शेजारची म्हैस कुणीकडे रेकते, सगळं मिटल्या डोळ्यांनी, आणि उठले की कागदावर घर तयार, जणू झोपेतून अलगद उतरवून आणलंय.

त्यांच्यामागे वर्षभर फोटोग्राफर हंबीरराव. नव्या शतकाच्या विशेषांकाला 'कामात मग्न' फोटो हवे होते. 'सायेब, डोळं उघडा की.' हे पडल्या पडल्याच, 'थांब, जिना चढतोय.' कागलला तर प्लॉटचे मालक बाळासो कंबरेवर हात ठेवून उभे, 'पावणं, घर बांधाय बोलिवलंय, मुक्कामाला न्हाय.' आणि हंबीररावांचं आपलं चालूच, 'सायेब, डोळं उघडा की...'

मग गेल्या श्रावणात, तशाच एका दुपारी, घरातल्या सतरंजीवर. मी चहा घेऊन गेले. मीही तेच म्हटलं, डोळे उघडा की. ते काही उठले नाहीत.

आता शोकसभेला फोटो हवा, तर हंबीररावांकडचे सगळे रोल झोपलेलेच. जाऊबाई म्हणाल्या, 'झोपलेल्या माणसाला हार कसा घालायचा?' हंबीरराव म्हणाले, 'वैनी, काळजी करू नगासा, ब्रशनं डोळं काढून देतो, आमच्या धंद्यात चालतंय की.' आणि दिले हो काढून... टपोरे, काजळ घातल्यासारखे. तुम्हाला सांगते, एवढा संसार केला, पण या माणसाला मी ओळखतच नव्हते. नुसता टकामका बघत होता, त्याला घर कुठलं दिसणार? म्हटलं, 'हंबीरराव, मिटा ते डोळे.' त्यांनी ब्रश उचलला. मग हळूच म्हणाले, 'व्हय वैनी. जिना अर्धाच ऱ्हायला असंल.'

तर तो फोटो आता हॉलमध्ये आहे, मिटल्या डोळ्यांचा. येणारा प्रत्येकजण आपोआप पाय न वाजवता येतो, कुजबुजत बोलतो, आणि मी... मी दुपारी शिट्टी व्हायच्या आतच कुकर बंद करते. भात रोज कच्चा राहतो. काय करता, खाते तसाच.