यमुनावहिनीची काचपेटी

मंडळी, एवढ्या उन्हात तुम्ही वहिनीच्या शोकसभेला आलात, बायाबापड्या तलावाच्या पाळीवरून चालत आल्या. सभेत बोलायची मला सवय नाही. पण यमुनावहिनीबद्दल तिच्या दिरानं नाही बोलायचं, तर कोणी?

माझे दादा, म्हणजे तिचे मालक, तलावांच्या पाळी, म्हणजे पाणी अडवणारे मातीचे बांध, बांधणारे. एका पाळीवरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बोलणं बंद. वैद्यांनीही आशा सोडली.

वहिनीनं सोडली नाही. मिठाईवाल्याची काचेची पेटी आणली, सांध्यांत लाख भरली. रेती, पाणी आणि आपल्या तलावातलं कमळ घालून, दादांना घरात तलाव दिसावा म्हणून, पेटी खाटेशी ठेवली. कमळ सडलं. घरभर वास. मी म्हणालो, "वैनी, फेकून दे."

तेव्हा खाटेवरून आवाज आला. "कमळ कायले आणलं? त्याले ऊन लागते, चिखल लागते. पाण्याच्या आतच वाढते ते लांब पानाचं गवत आण."

कित्येक महिन्यांनी दादा बोलले होते. वहिनी पदर खोचून तशीच तलावावर गेली.

मग दादा सांगत, ती करी. रेती नितळ होईस्तोवर धुवायची. मुळं रेतीत, पानं फुटतात तो गाभा वर. "गाभा काऊन पुरून राहिली? मरंल तो." सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, सडकं पान खुडायचं. गवताला फुटवे आले, मासोळ्या सोडल्या. आणि दादा म्हणाले, "माही खाट फिरवा. मले दिसत नाही."

खाट फिरवली, मंडळी. लोक पेटी पाहायला येत, आणि पाहता पाहता पाळीचं विचारत. ज्या साली आपली पाळ खचली, त्या साली दादांनी खाटेवरूनच माणसं कामाला लावली. पाळ टिकली. धान पिकलं. ते तुम्ही खाल्लंत, मीही खाल्लं.

दादा गेले, तरी ती पेटी वहिनीनं शेवटपर्यंत हिरवी ठेवली. एकदा मी विचारलं, "वैनी, कमळ सडंल हे तुले मालूम होतं का?"

"नाही भाऊजी. फूल चांगलं दिसलं, आणलं."

तलाव बांधणाऱ्या पुरुषांची नावं आपण छाती फुगवून घेतो. मीही घेतो. आजपासून त्या नावांत माझ्या वहिनीचं नाव घ्यायचं. यमुनाबाई.

उभे राहा, मंडळी. थोडा वेळ कोणी बोलू नका.