काळा-पांढरा फोटो

हसू नका राव, मला अजून लाज वाटती. माझ्या मोबाईलवरच्या पेजला कमेंट आल्या की कंपनी पैसे देती, हे तुमाला म्हाईतच हाय. उसाचे, बैलांचे व्हिडिओ टाकून दमलो, पण कुणी बघंना. मग ध्यानात आलं, लोक सगळ्यात जास्त कमेंट श्रद्धांजलीवर करतात. म्हणून परवा सकाळी मी माझाच फोटो काळा-पांढरा केला आन् खाली नुसते जोडलेले हात टाकले. मेलो असं कुठंच लिवलं न्हाई.

धडाधड कमेंट आल्या. शेजारच्या सदाभाऊनं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिवलं आन् लगेच कुंपणावरनं वरडला, "काय रं, मोटर बंद करू का?" मी पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी थोरली बहीण दारात. तिच्या पोरानं तिला फोटो दाखवला व्हता. तिच्या तळेघर गावावरनं एस्टी मिळंना म्हणून अर्धी वाट चालत आलेली. मला ओट्यावर चहा पिताना बघितलं आन् तिथंच मटकन खाली बसली.

मी म्हणालो, "आक्का, अगं कमेंटसाठी गंमत केली."

तिनं संगं आणलेल्या फडक्याची गाठ सोडली. आत नाचणीच्या भाकरी आन् पिठलं.

"मयताच्या घरी चूल पेटत न्हाई," ती म्हणाली, "म्हणून तुझ्या बायकापोरांसाठी पहाटे उठून केल्या."

मग एक भाकरी माझ्या हातावर ठेवली.

"खा. तुझ्याच मयताची हाय."