फक्त डावीकडूनच

राडा : पुन्हा डावीकडूनच घातलास.

देल्चो : आई, बस बघू जरा. उभं राहून मान दुखेल.

राडा : माझ्या मानेचं तुझ्या बायकोला, त्या सिल्वियाला बघू दे, ती मोडायला टपलेलीच आहे. मी मोजतेय. जेवण झाल्यापासून अकरा वेळा ट्रक लावलास, अकराही वेळा डावीकडे वळवून.

देल्चो : कॉम्प्युटरवरचा खेळ आहे गं. वाटेल तसा खेळतो.

राडा : चव्वेचाळीस वर्षांचा घोडा. टेबलाला चाक बसवलंस, पायाखाली ब्रेक लावलास, आणि म्हणे खेळ.

देल्चो : सराव म्हण मग. आठ महिने पाठ धरून घरी बसलोय. उद्या रूसे शहरातल्या ट्रकच्या आवारात नवा मालक माझी परीक्षा घेणार. सोळा मीटरचं धूड दोन ट्रेलरच्या मधे मागे घालायचं. चुकलो की पाठवतील घरी.

राडा : मागे घेताना ट्रेलर डावीकडे न्यायचा तर चाक उजवीकडे फिरवायचं, एवढं मलाही कळतं. चारच इयत्ता शिकले, पण तुझ्या बापाच्या ट्रकमध्ये एकवीस वर्षं बसले.

देल्चो : माहितीये.

राडा : मग हेही माहीत असेल. आपल्या देशात ड्रायव्हर डावीकडे बसतो. डावीकडे मागे घेताना खिडकीतून डोकं काढलं की सगळं दिसतं. उजवीकडे नुसता आरसा. आंधळी बाजू म्हणायचा तुझा बाप.

देल्चो : शहाणा ड्रायव्हर आंधळ्या बाजूने घेतच नाही. फेरी मारून डावीकडे येतो.

राडा : फेरीला जागा असली तर. एकदा उजवीकडून घेऊन दाखव.

देल्चो : बरं. हे बघ, आला... आला. लागला की नाही?

राडा : डाव्या हाताने कसलं बटण दाबलंस?

देल्चो : कुठलं?

राडा : चित्र वर गेलं. ट्रकचं छप्पर दिसलं मला, घारीला दिसावं तसं.

देल्चो : सगळेच दाबतात ते.

राडा : उद्या आवारात कोण उचलून धरणार तुला? आरशात बघून कर.

(देल्चो ट्रक उजवीकडे मागे घेतो.)

राडा : थांबव.

देल्चो : का? हातभर जागा आहे अजून.

राडा : खांब आडवा झाला, देल्चो. आरशात आहे. मला बाहत्तराव्या वर्षी दिसतोय.

देल्चो : स्क्रीनवर ऊन पडलंय.

राडा : पडदे मी मघाशीच ओढले. इकडे वळ. माझ्या नाकाकडे बघ.

देल्चो : तू काय डॉक्टर आहेस?

राडा : नाकाकडे. डोळे हलवायचे नाहीत. किती बोटं?

देल्चो : हात कुठाय तुझा?

राडा : ...हिवाळ्यात पाठीसाठी नव्हतास तू दवाखान्यात.

देल्चो : डोक्यात गुठळी झाली होती. बाकी सगळं परत आलं. बोलणं आलं, पाय आला. उजवीकडचं नाही आलं.

राडा : सिल्वियाला माहीत आहे?

देल्चो : तिला वाटतं, तेही आलं.

राडा : आणि ट्रक चालवायला लागतो तो डॉक्टरचा कागद?

देल्चो : जुनाच आहे. पुढच्या वसंतापर्यंत चालतो. आई, मला दुसरं काही येत नाही. हात बघ माझे, कापतायत का?

राडा : हातांना कोण काय म्हणतंय. हात चांगलेच आहेत.

देल्चो : आणि आवारात उजवीकडे असतं तरी कोण? मोकळी जागा.

राडा : मी असायचे. तुझा बाप मागे घ्यायचा, मी उजव्या कोपऱ्याला उभी राहून हात करायचे. पाऊस असो, बर्फ असो. तू पोटात होतास तेव्हाही. आत्ता खांब पाडलास ना, बरोबर तिथे. नाक पूस. फोन लाव त्या मालकाला.

देल्चो : आज रविवार आहे.

राडा : असू दे. लाव.

देल्चो : ...हॅलो. देल्चो बोलतोय. उद्याचं... उद्या मी येत नाही, साहेब. नाही, दुसरीकडे नाही लागलो. नाही, तसंही काही नाही.

राडा : काय ते सांग त्याला.

देल्चो : मला उजवीकडचं दिसत नाही.