चाळीस की शून्य

जबाब देणार: गॅस तपासणी कामगार, वय ४४ वर्षे, धंदा नोकरी, राहणार कामगार वसाहत, कारखान्याच्या मागे.

वर लिहिलेला इसम मी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगतो की, मी कारखान्याच्या फ्युएल सेल युनिटवर नऊ वर्षांपासून कामाला आहे. युनिटचे मुख्य ऑपरेटर हे माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. मला त्यांनीच कामाला लावले.

युनिटमध्ये हायड्रोजनपासून वीज तयार होते. सेलच्या आत वितळलेले मीठ असते. ते खायचे मीठ नव्हे. ते साडेसहाशे अंशांवर ठेवावे लागते. सेल थंड पडला तर मीठ गोठते, आतले पातळ थर तडकतात आणि सेल कामातून जातो. म्हणून हीटर बंद करत नाहीत. हा सेल बसवल्यापासूनच्या सहा वर्षांत भाऊजींनी तो एकदाही थंड होऊ दिला नव्हता. बहीण त्याला आपली सवत म्हणते.

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी भाऊजी मला म्हणाले, "खालच्या जोडाशी शीळ येतेय. मीटर लाव बघू." मला शीळ ऐकू आली नाही. मी गॅसगळतीचा मीटर जोडाशी धरला. आकडा वीसच्या वर गेला तर युनिट बंद करायचे, असा नियम आहे. छतावरचा अलार्म वाजला नव्हता. इतक्यात इंजिनिअर साहेब दारात आले व म्हणाले, "किती दाखवतोय?" मी "शून्य" म्हणालो. त्या वेळी मीटरवर शून्यच होते.

तोवर भाऊजींनी लाल बटण दाबले होते. हायड्रोजन बंद झाला. साहेब ओरडले, "अहो, हीटर तरी राहू द्या! मीठ गोठेल!" भाऊजींनी माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओढले आणि बाहेरच्या खोलीतला हीटरचा मेन स्विच पाडला. म्हणाले, "गॅसला ठिणगी देऊ का?" त्यानंतर ते मेनसमोरून हलले नाहीत. साहेबांनी वरून माणसे बोलावली, तरी हलले नाहीत. दंडावरचा वळ मी दाखवला आहे.

शुक्रवारी सेल उघडला. थर तडकलेले होते. भाऊजींनी सेल मुद्दाम घालवला, अशी कारखान्याची तक्रार आहे. जोडाची गळती तपासली, ती मिळाली नाही. फिटर म्हणाला की गरम असताना सुटणारा जोड थंड झाल्यावर बसूही शकतो, नाहीही.

भाऊजी पुढच्या महिन्यात निवृत्त होणार आहेत. घटनेच्या आदल्या दिवशी, सोमवारी, चहाच्या वेळी ते म्हणाले होते, "माझ्यामागे हा सेल कुणाच्या हाती नांदायचा नाही." सगळे हसले. मीही हसलो. ते थट्टेत म्हणाले का, असे मला विचारण्यात आले. सोमवारी थट्टा वाटली होती. आता सांगता येत नाही.

मीटरबद्दल पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, शून्याच्या आधी मला चाळीस दिसले होते. पापणी लवावी तेवढाच वेळ. हात हलत होता. कोपऱ्यात बॅटरीचाही आकडा येतो, तो असेल असेही वाटते. भाऊजी माझ्या पाठीमागे होते, त्यांना काय दिसले ते मला माहीत नाही. साहेबांना चाळीस का सांगितले नाही, असे विचारल्यावर मी म्हणालो की त्यांनी "किती दाखवतोय" विचारले, "किती दाखवत होता" विचारले नाही. हे उत्तर माझे मलाच पटत नाही.

भाऊजींच्या जागी माझे नाव सुचवलेले आहे, हे खरे आहे. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, हे मी चार दिवस स्वतःला विचारतो आहे.

आज सकाळी बहीण घरी आली होती. म्हणाली, "तू फक्त खरं काय ते सांग." मी म्हणालो, "ताई, कुठलं?" ती चपला घालून निघून गेली.

भाऊजी बाहेर बाकावर बसले आहेत. इथून जायला दुसरे दार आहे का, असे मी विचारले. नाही, असे सांगण्यात आले.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावला. मी बोललो तसाच तो उतरवलेला आहे.