उपाशी बॅटरी

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत बाई गॅरेजच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक बाप-लेक जुनी मोटरसायकल घेऊन आले होते. लेक मिस्त्रीला सांगत होती,

"वर्षात तीन बॅटऱ्या बदलल्या. आज नाही जमलं, तर उद्या ही भंगारात."

"असं तिच्यासमोर नको गं बोलूस."

"बाबा, यंत्र आहे ते!"

"ताई, बॅटरीला लावलेला हा मीटर बघा. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्ट. आता रेस देतो. किती झाले?"

"साडेबाराच."

"चौदाच्या आसपास जायला हवेत. बॅटरी बिचारी उपाशी आहे. तिला वाढणारा हा डबा, रेग्युलेटर. अरेच्चा! ह्याच्यावर रेक्झिन कोणी शिवलं?"

"मी. धूळ बसू नये म्हणून."

"काका, हा वाऱ्यावर थंड होतो. तुम्ही त्याला भर उन्हात स्वेटर घातलात! जळून गेलाय."

बाईंनी हातातलं वर्तमानपत्र मिटून मान पुढे काढली.

"हा घ्या, नवा लावला. ताई, आता मीटर?"

"तेरा... पावणेचौदा... चौदा! बाबा, बघा ना!"

"मग भंगारात नाही ना?"

"मागे बसा. आज मी चालवते."