कांदा नाही जी, लीक आहे!

...अन् वरून लोकं विचारते कसे, "कांदे लावले वाटते?" आता सांगा, माणसानं डोकं आपटून घ्यावं का नाही? पाच महिने, तुमाले सांगतो, पाच महिने मी एकच वाक्य बोलून राहिलो... "कांदा नाही जी, लीक आहे!"

झालं असं, आमचा साळा रुपराव विलायतेहून आला. लोकाइचे साळे घड्याळ आणते, ट्रान्झिस्टर आणते, आमच्यानं लीकच्या बियाची पुडी आणली! अन् म्हणते, "भाऊजी, गोऱ्या लोकाइची भाजी आहे, तुमच्यानं नाही व्हायची." नाही व्हायची? हापिसात वीस वर्षं फायली वाढवल्या मी, भाजी नाही वाढणार?

गणपतीत बी टाकलं, दसऱ्यानंतर रोपं चरात लावले. अन् नखरे किती! कांद्यासारखा गड्डा धरत नाही, दांडाच खायचा, अन् तो दांडा पांढराफेक पायजे! म्हणजे दर आठ दिवसांनी माती चढवा, ऊन लागू देऊ नका... नागपुरात ऊन लागू देऊ नका! मी एकेका दांड्याले पेपर गुंडाळला, सुतळी बांधली. तं शेजारच्या रंभाबाई भिंतीवरून आमच्या बायकोले, "काहून वं कौशल्या, भाऊजीनं कांद्याले स्वेटर घातले का?" मी ओरडलो, "कांदा नाही जी, लीक आहे!" ...तं त्याइचे मालक नत्थूजी पाना घेऊन हजर! "कुठं लीक होऊन राहिलं गा? नळ का टाकी?"

घरातही तेच. कौशल्यानं एक दिवस चार दांडे उपटून पिठल्यात घातले! "मले वाटलं कांद्याची पात आहे!" मी दोन दिवस अबोला धरला. पिठलं खाल्लं, ते वेगळं.

मंग फेब्रुवारीत भाजीपाल्याचं प्रदर्शन. म्हटलं, आता सर्टिफिकेटच धाडतो रुपरावाले! सहा दांडे धुतले, पुसले, माझ्या लग्नातल्या उपरण्यात गुंडाळून नेले. नोंदणीच्या टेबलाशी एक भैयाजी बसले होते. 'लीक' म्हटलं तं ते म्हणे, "या नावाचा रकाना नाही."

"मंग नवा काढा नं!"

"छापून आले आहे जी रकाने. कांदा, मुळा, गाजर... पटकन बोला, मागं लाईन आहे."

वीस वर्षं हापिसात मीच लोकाइले हे सांगत आलो नं! लिहिलं बाप्पा, माझ्याच हातानं लिहिलं... 'कांदा'.

परीक्षकानं एक दांडा उचलला, उलटा केला, सुलटा केला, अन् म्हणते, "पात जोरदार आहे, पण गड्डा धरला नाही बिचाऱ्यानं." अन् तिसरा नंबर दिला!

कौशल्या इतकी खूश, इतकी खूश, टाळ्या वाजवून वाजवून हात लाल. मलेही, खरं सांगतो, बरं वाटलं थोडं. बाहेर आलो तं म्हणते, "तिसरा म्हणजे काही कमी नाही हो! कांद्यात होते तरी किती जण?"

आता तुमच्यापाशी खोटं काहून बोलू...

तीन.