मंगळवारच्यांची फेरी

या, कीर्तनाला सरकता तसे जवळ सरका, गोष्ट सांगतो. आफ्रिकेतल्या घानात, कुमासी शहरात गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. धाकट्या अबेनाची आज बीजगणिताची फेरपरीक्षा होती.

“ताई, तीन अ, दोन ब, चार अ. झाले नऊ अब!”

“म्हणूनच नापास झालीस, बाई! चर्चमध्ये एकेका वारी जन्मलेल्यांचा गट पाळीपाळीने दान द्यायला नाचत निघतो, त्यात मंगळवारी जन्मलेले किती असतात?”

“कोण जाणे! त्या रविवारी येतील तेवढे.”

“तोच तुझा अ. शुक्रवारी जन्मलेले ब. समज, मंगळवारच्यांनी तीन फेऱ्या घातल्या, शुक्रवारच्यांनी दोन, पुन्हा मंगळवारच्यांनी चार.”

“आमच्या मंगळवारच्यांच्या सात! शुक्रवारच्यांत घुसले तर म्हाताऱ्या हाकलतील मला.”

“मग उत्तर?”

“सात अ अधिक दोन ब! ताई, गाडी आली!”

ती नाचतच चढली. आज हात जोडाल तेव्हा मंगळवारच्या अबेनाची आठवण ठेवा.